गॅरेजमधली धूळ आणि चाळीस वर्षांनी लागलेला दम

आमच्या वस्तीतल्या बुद्धविहाराला बारा पायऱ्या आहेत. पौर्णिमेच्या वंदनेला येणारे एक काका सहाव्या पायरीवर थांबतात, कठड्याला हात टेकतात, श्वास सावरतात आणि मग वर येतात. वय ६४. त्यांच्यापेक्षा मोठ्या आज्या न थांबता चढून जातात. "वय झालं रे पोरांनो," म्हणून काका हसतात आणि विषय संपवतात.

मागच्या पौर्णिमेला आम्ही विषय संपू दिला नाही. "काका, तुम्ही आयुष्यभर नेमकं काय काम केलंत?" असं विचारलं. सातवीनंतर शाळा सुटली, १९७७ च्या सुमारास ते गॅरेजमध्ये हेल्पर म्हणून लागले. उस्तादाने पहिलं काम दिलं ते ट्रकचं चाक उतरवून ब्रेकच्या ड्रममध्ये हवा मारायचं. कॉम्प्रेसरची नळी धरली की काळसर धुळीचा लोट तोंडावर यायचा. पुढे मिस्त्री झाल्यावर जुने लायनर काढणं, नवीन रिव्हेट मारून बसवणं, ड्रममध्ये नीट बसेपर्यंत घासणं, हे तीस वर्षं चाललं. आतापर्यंत दोनदा टीबीचा कोर्स झाला. थुंकीत जंतू एकदाही सापडले नाहीत. डॉक्टरांनी विडी ओढता का, हे विचारलं. काम काय करत होता, हे कुणीच विचारलं नाही.

काकांना कोणता आजार आहे, हे योग्य तपासणीशिवाय कुणी सांगू नये आणि आम्हीही सांगणार नाही. पण हा प्रश्न एकट्या काकांचा नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर आणि पुढच्या दोन दशकांत गावं सोडून शहरात आलेल्या आपल्या कित्येक पोरांनी गॅरेजचा पाना हातात धरला. ते आता पन्नाशी-साठीत आहेत. त्यांनी तेव्हा ओढलेल्या धुळीचा हिशोब आता निघतो आहे आणि तो मांडायला कोणाकडेही कागद नाही. आजच्या लेखाचा मुद्दा हा आहे.

लायनरमध्ये काय होतं?

अ‍ॅस्बेस्टॉस हे जमिनीतून निघणारं तंतुमय खनिज आहे. ते जळत नाही, घर्षणाने लवकर झिजत नाही आणि स्वस्त असतं. म्हणून विसाव्या शतकात जगभर ब्रेक लायनर, क्लच प्लेट आणि इंजिनच्या गॅस्केटमध्ये ते घातलं गेलं. जुन्या लायनरमध्ये वजनाच्या साधारण ३० ते ६० टक्के अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. त्याचे तंतू इतके बारीक असतात की डोळ्यांना दिसत नाहीत, नाकाला झोंबत नाहीत, खोकलाही लगेच येत नाही. ते फुप्फुसात खोलवर जाऊन बसतात आणि बरेचसे तिथेच राहतात.

यातून होणारे आजार वेगवेगळे आहेत. अ‍ॅस्बेस्टॉसिसमध्ये फुप्फुस हळूहळू घट्ट होत जातं आणि चालताना, चढताना दम लागतो. फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो. मेसोथेलिओमा हा फुप्फुसाच्या किंवा पोटाच्या आवरणाचा कर्करोग दुर्मीळ आहे, पण अतिशय घातक आहे. हे सगळं धूळ ओढल्यावर लगेच होत नाही. दहा वर्षांपासून चाळीस-पन्नास वर्षांपर्यंतचा काळ मध्ये जातो. माणूस तोवर गॅरेज सोडून रिक्षा चालवत असतो, वॉचमन झालेला असतो किंवा घरी बसलेला असतो. आजार आणि काम यांचा धागा तिथेच तुटतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने अ‍ॅस्बेस्टॉसचे सर्व प्रकार माणसात कर्करोग घडवणारे म्हणून पहिल्या गटात ठेवले आहेत. भारतात वापरला जाणारा पांढरा, म्हणजे क्रायसोटाइल प्रकारही त्यात आहे. कामाच्या ठिकाणी ओढलेल्या अ‍ॅस्बेस्टॉसमुळे जगात दरवर्षी दोन लाखांहून अधिक माणसं मरतात, असा या संघटनेचा अंदाज आहे.

भीती किती, खात्री किती?

चळवळीत काम करणाऱ्यांनी इथे सावध राहायला हवं. गॅरेजमध्ये काम केलेला प्रत्येक माणूस आजारी पडणार, असं अजिबात नाही. धोका किती धूळ, किती वर्षं आणि कोणत्या कामातून ओढली यावर असतो.

ब्रेक दाबला की लायनर प्रचंड तापतो. त्या उष्णतेने अ‍ॅस्बेस्टॉसचा बराच भाग दुसऱ्या, तंतू नसलेल्या खनिजात बदलतो. त्यामुळे ड्रममध्ये साचलेल्या धुळीत शुद्ध तंतूंचं प्रमाण कमी असतं. परदेशात ब्रेक मेकॅनिकांवर झालेल्या अनेक अभ्यासांत मेसोथेलिओमाचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. पण त्यातल्या काही अभ्यासांना आणि तज्ज्ञांना न्यायालयात खटले लढणाऱ्या मोटार कंपन्यांनीच पैसा पुरवला होता, हेही तितकंच खरं. म्हणून हा वाद शास्त्रज्ञांमध्ये अजून मिटलेला नाही.

आपल्याकडच्या गॅरेजचा विचार करताना आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. तयार ब्रेक शू डब्यातून काढून बसवणं वेगळं आणि कोऱ्या लायनरला भोक पाडणं, कानशीने कडा घासणं, ग्राइंडरवर धरणं वेगळं. कोरा लायनर तापलेला नसतो, त्यातले तंतू शाबूत असतात. आपल्या ट्रक-टेम्पोच्या गॅरेजमध्ये हे काम मिस्त्री हातानेच करत आले आहेत, तेही बंद शेडमध्ये, तोंडाला फार तर रुमाल बांधून.

लायनरसारखा माल जिथे तयार होतो त्या कारखान्यांत काय घडलं, याचा पुरावा मुंबईतच आहे. अ‍ॅस्बेस्टॉसचा कंपोझिट माल बनवणाऱ्या मुंबईच्या एका कारखान्यातल्या १८१ कामगारांची तपासणी करून डॉ. व्ही. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी २००५ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात २२ टक्के कामगारांना अ‍ॅस्बेस्टॉसिस आढळला. कारखान्यातली धूळ गॅरेजपेक्षा जास्त असणार, म्हणून हा आकडा जसाच्या तसा गॅरेजला लावता येणार नाही. पण शोधलं तर आजार सापडतो, एवढं त्यातून सिद्ध होतं. गॅरेजमधल्या माणसांना आपल्याकडे असं कुणी शोधायलाच गेलेलं नाही.

कायदा आहे, पण दाराबाहेर

२७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या प्रश्नावर महत्त्वाचा निकाल दिला. अहमदाबादच्या कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर या संस्थेची ही याचिका होती आणि निकालपत्र न्यायमूर्ती के. रामस्वामी यांनी लिहिलं. कामगाराचं आरोग्य हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे आणि नोकरी संपल्यावरही तो हक्क संपत नाही, असं न्यायालयाने सांगितलं. प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरी लागल्यापासून ४० वर्षं किंवा नोकरी सुटल्यानंतर १५ वर्षं, यातलं जे उशिरा येईल तोपर्यंत जपावी, असा आदेश दिला. आजार प्रमाणित झालेल्या कामगाराला एक लाख रुपये भरपाई ठरवली.

निकाल मोठा आहे. पण तो वाचताना आम्हाला काकांचं गॅरेज आठवतं. चार माणसं, एक शेड, हजेरीपट नाही, पगाराची पावती नाही, शनिवारी हातात रोख. उस्ताद वारला, जागेवर टॉवर उभा राहिला. तिथे ४० वर्षं नोंद कोण जपणार? आमच्या काकांनी तिथे काम केलं याचा पुरावा म्हणजे उजव्या हाताच्या अंगठ्यावरचा ग्राइंडरचा वण.

१९२३ च्या भरपाई कायद्यात आणि १९४८ च्या राज्य कामगार विमा कायद्यात अ‍ॅस्बेस्टॉसिस आणि अ‍ॅस्बेस्टॉसमुळे होणारे कर्करोग हे कामाचे आजार म्हणून नोंदवलेले होते. १९२३ च्या कायद्यात तर नोकरी सोडल्यानंतर आजार उद्भवला तरी दावा करायची सोय होती. या कामगार विम्याचा पाया बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना, १९४२ ते १९४६ या काळात, घातला गेला. प्रा. अडारकर यांचा आरोग्य विम्याचा अहवाल याच काळातला, १९४४ चा. आजारी कामगाराला मालकाच्या दयेवर सोडायचं नाही, त्याला हक्क द्यायचा, ही त्यामागची भूमिका होती. पण दहापेक्षा कमी माणसांची गॅरेजं या विम्याच्या बाहेरच राहिली.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि हे जुने कायदे त्यात विलीन झाले. चाळिशीपुढच्या कामगारांना दरवर्षी मोफत आरोग्य तपासणी मिळेल, असं सरकारने जाहीर केलं. त्याच वेळी कारखान्याची व्याख्या मात्र वीज वापरणाऱ्या ठिकाणी १० वरून २० कामगारांवर गेली. म्हणजे लहान वर्कशॉप कायद्यापासून आणखी दूर ढकलली गेली.

तरीही नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत एक खिडकी उघडी आहे आणि कार्यकर्त्यांनी ती नीट पाहावी. केंद्र सरकारने एखादा व्यवसाय धोकादायक म्हणून अधिसूचित केला, तर तिथे एकच कामगार असला तरी कामगार विमा लागू होऊ शकतो. अ‍ॅस्बेस्टॉस असलेले ब्रेक, क्लच आणि गॅस्केट यांची दुरुस्ती या यादीत आली पाहिजे, ही आपली पहिली मागणी असायला हवी.

पण विमा आज काम करणाऱ्याला मिळेल. ज्यांचं काम संपलं त्यांचं काय? ई-श्रम पोर्टलवर नोंदणी १६ ते ५९ वयापर्यंतच होते. आमचे काका तिथेही बसत नाहीत. इथे राजस्थानकडे बघावं. त्या राज्याने २०१९ मध्ये सिलिकोसिस आणि धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या आजारांसाठी धोरण आणलं. सिलिकोसिस प्रमाणित झाला की तीन लाख रुपये, मृत्यूनंतर कुटुंबाला दोन लाख आणि दरमहा पेन्शन. हे धोरण आपोआप आलेलं नाही. दगडखाणीतले कामगार, त्यांच्या विधवा आणि संघटना वर्षानुवर्षं भांडल्या, तेव्हा आलं. महाराष्ट्रात असं धोरण हवं आणि त्यात गॅरेज कामगाराचं नाव स्पष्ट लिहिलेलं हवं, ही दुसरी मागणी.

बंदी का होत नाही?

साठहून अधिक देशांनी अ‍ॅस्बेस्टॉसवर बंदी घातली आहे. युरोपीय संघात २००५ पासून, ऑस्ट्रेलियात २००३ च्या अखेरीपासून ती लागू आहे. २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियात ग्रेट वॉल आणि चेरी या चिनी कंपन्यांच्या सुमारे २३ हजार गाड्यांच्या गॅस्केटमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस सापडलं आणि त्या गाड्यांसाठी रिकॉल काढावा लागला. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनेही मार्च २०२४ मध्ये क्रायसोटाइलवर बंदीचा नियम काढला, त्यात गाड्यांचे ब्रेक आणि गॅस्केट यांचा समावेश आहे.

आपल्या देशात मात्र उलटं चित्र आहे. अ‍ॅस्बेस्टॉसच्या खाणींना नवे पट्टे देणं १९८६ मध्येच थांबलं. पण आयात चालू आहे. अलीकडच्या वर्षांत दरसाल तीन लाख टनांहून अधिक अ‍ॅस्बेस्टॉस देशात आलं, त्यात रशियाचा वाटा मोठा. जे खणणं धोकादायक आहे ते बाहेरून आणून वापरणं सुरक्षित कसं, याचं उत्तर कुणी देत नाही. रॉटरडॅम करारात क्रायसोटाइलचा धोकादायक पदार्थांच्या यादीत समावेश करायचा प्रस्ताव वारंवार अडवला गेला आणि अडवणाऱ्यांत भारतही राहिला. त्या यादीत नाव येणं म्हणजे बंदीही नव्हे, धोका आहे हे आयात करणाऱ्या देशाला आधी कळवणं एवढंच. सर्वोच्च न्यायालयानेही २०११ मध्ये संपूर्ण बंदीची मागणी मान्य केली नाही, मात्र १९९५ च्या निर्देशांचं पालन करा असं पुन्हा बजावलं.

आयातीतला मोठा हिस्सा सिमेंटच्या पत्र्यांत जातो. ते पत्रे कुणाच्या डोक्यावर आहेत, हे आपल्या वस्तीत राहणाऱ्याला सांगायला नको. धूळ ओढणारे हात आणि पत्र्याखाली झोपणारी पोरं बहुतेक एकाच घरातली असतात. हे घर निर्णय घेणाऱ्यांच्या ओळखीचं नाही, म्हणून घाई कुणालाच नाही.

आपण काय करायचं?

सरकारकडे मागण्या करत असतानाच काही गोष्टी आपल्या हातात आहेत.

ज्यांनी पूर्वी ब्रेक, क्लच, गॅस्केटचं काम केलं त्यांनी डॉक्टरकडे गेल्यावर विचारायची वाट न पाहता स्वतः सांगावं: "मी इतकी वर्षं ब्रेक लायनरचं काम केलं, त्यात अ‍ॅस्बेस्टॉस होतं." हे वाक्य केसपेपरवर लिहून घ्या. चढताना दम, सुका खोकला, छातीत आवळल्यासारखं वाटणं असेल तर छातीचा एक्स-रे आणि फुंकून करायची फुप्फुसाची तपासणी करून घ्या. सुरुवातीचा आजार एक्स-रेत सुटू शकतो. गरज असेल तर डॉक्टर एचआरसीटी सांगतील. थुंकीतून रक्त, वजन घटणं, एका बाजूला सतत दुखणं किंवा छातीत पाणी होणं, यातलं काही असेल तर थांबू नका. छातीत पाणी झालं की आपल्याकडे टीबी गृहीत धरतात. टीबी असेलही, पण तपासून ठरवू द्या. टीबीची औषधं मध्येच स्वतःहून बंद मात्र करू नका.

आत गेलेले तंतू बाहेर काढणारं औषध नाही. पण विडी-सिगारेट सोडणं हा सगळ्यात मोठा उपाय आहे. अ‍ॅस्बेस्टॉस आणि तंबाखूचा धूर एकत्र आले की फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका नुसत्या बेरजेने वाढत नाही, जवळजवळ गुणाकाराने वाढतो. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसींबद्दल डॉक्टरांना विचारा. ज्या काकूंनी तीस वर्षं ते ग्रीस-धुळीचे कपडे घरात झटकून धुतले, त्यांनाही हाच प्रश्न विचारा. कपड्यांवरून घरी आलेल्या तंतूंनी बायकांना आजार झाल्याच्या नोंदी जगात आहेत.

आज गॅरेजमध्ये असलेल्या पोरांनी ब्रेकच्या ड्रमला हवा मारणं आजच बंद करावं. पाण्याने भिजवून, ओल्या फडक्याने पुसून काढा आणि ते फडकं पिशवीत बांधून टाका. कोरडा झाडू मारू नका. रुमाल किंवा साधा मास्क हे तंतू अडवत नाही. लायनर घेताना 'नॉन-अ‍ॅस्बेस्टॉस' असं छापलेला मागा. जुन्या गाडीच्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस आहे असंच धरून चाला. कामाचे कपडे गॅरेजमध्येच बदला.

आणि विहारांनी एक वही घालावी. वस्तीत कोणी, कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत, कोणत्या भागातल्या गॅरेजमध्ये, कोणतं काम केलं, सोबत कोण होतं. सोबत काम केलेल्या दोघांच्या सह्या घ्या. उद्या धोरण आलं, दावा करायची वेळ आली, तर काकांच्या हातात निदान हा कागद असेल. सोबतचे साक्षीदार जिवंत आहेत तोवरच ही वही भरता येईल. जे मालकाने लिहिलं नाही, ते आपण लिहायचं. वही भरली की तिची प्रत घेऊन कामगार आयुक्तांकडे, आमदारांकडे जा. अहमदाबादची राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था या आजारांवर काम करते. वस्त्यांमध्ये तपासणी शिबिर घ्या, असं निवेदन तिच्याकडे आणि जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे द्या.

तथागतांच्या आयुष्यातला आजारी भिक्खूचा प्रसंग आपण विहारात नेहमी ऐकतो. अतिसाराने लोळत पडलेल्या त्या भिक्खूकडे कुणी पाहत नव्हतं. तथागतांनी आनंदाच्या मदतीने त्याला स्वतः अंघोळ घातली, हे सगळ्यांना आठवतं. पण त्याआधी त्यांनी त्याला प्रश्न विचारले होते. तुला काय होतंय? तुझी काळजी घ्यायला कुणी आहे का? आणि कुणी नाही, तर का नाही? शुश्रूषेची सुरुवात विचारण्यापासून झाली.

आम्ही काकांना पुढच्या आठवड्यात छातीच्या तपासणीला घेऊन जाणार आहोत. वहीच्या पहिल्या पानावर त्यांचं नाव लिहिलं आहे. दुसरं नाव त्यांनीच सांगितलं, त्यांच्याबरोबर लायनर घासणाऱ्या मित्राचं. तो आता पलीकडच्या नगरात राहतो आणि त्यालाही, काका म्हणाले, हल्ली जिना चढवत नाही.

जयभीम.